डाया पंचवीस युरो

मंगळवार, ८ जुलै २०२५

लक्ष्मी टेकडीला वडापमधून उतरलो तेव्हा पाऊस इतका बारीक होता की छत्री उघडायचीही लाज वाटावी. गेटवर पंच करून क्वालिटीत पोचतो तोच डिस्पॅचचा पोरगा कागद घेऊन दारात उभा.

"साहेब, ह्यो बोअर पंचवीस युरोचा हाय व्हय?"

कागद सीएमएमच्या, म्हणजे मापं घेणाऱ्या मशीनच्या, रिपोर्टचा. जिथं ‘⌀ २५’ असायला हवं तिथं तीन अनोळखी पाहुणे बसले होते. पहिला डोक्यावर टोपी घातलेला छोटा ए, दुसरा एकमेकांना चिकटलेला ओ-ई आणि तिसरं ठसठशीत €. त्यापुढे २५. टॉलरन्सच्या रकान्यातही प्रत्येक ± च्या आधी एक मोठा टोपीवाला ए येऊन उभा राहिलेला. पोरगं हुशार. माल बाहेरच्या देशात जाणार म्हटल्यावर त्यानं सरळ हिशोब लावला, बोअरचा दर पंचवीस युरो.

हसलो, पण कागद बाजूला ठेवला. असला रिपोर्ट मागच्या वर्षी एका ग्राहकाकडं तसाच गेला होता आणि तिकडून एका ओळीचा मेल आला होता. त्या ओळीनं आमच्या सायबांची दुपार गेली, आणि सायबांमुळं माझी संध्याकाळ.

मशीननं चूक केलेली नव्हती. कॉम्प्युटरला चिन्ह माहीत नसतं, त्याला आकडा माहीत असतो. व्यासाच्या चिन्हाचा युनिकोडमधला आकडा ८९६०. फाइलमध्ये तो यूटीएफ-८ पद्धतीनं तीन तुकड्यांत लिहिला जातो, २२६, १४० आणि १२८. मशीननं ते इमानेइतबारे लिहिले. एक्सेलनं फाइल उघडताना धरून चाललं की ही विंडोजची जुनी पाश्चात्त्य यादी आहे, जिच्यात एका तुकड्याला एक अक्षर. त्या यादीत २२६ म्हणजे टोपीवाला ए, १४० म्हणजे जोड ओ-ई, १२८ म्हणजे युरो. ± चे दोन तुकडे, १९४ आणि १७७. त्या यादीत १७७ वर खुद्द ±च बसलेलं, म्हणून ते दिसलं आणि १९४ चा टोपीवाला फुकटचा सोबत आला.

फाइल पुन्हा उघडली, या वेळी आयात करताना यादी विचारली तिथं ६५००१ निवडलं. युरो गेले, व्यास आले. दोन मिनिटांचं काम. पोराला दाखवलं. तो म्हणाला, "म्हंजे फाइल तीच, चष्मा बदलला." माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं त्यानं.

गुरुवार, १० जुलै

गुरुपौर्णिमा. सायबांना आणि सेटर मामांना नमस्कार केला. तिसरे गुरू कागलातले आमचे चुलते, तात्या. ते आता नाहीत.

तात्यांचा ट्रेडल छापखाना होता. लग्नपत्रिका, सोसायटीच्या पावत्या, तमाशाची हँडबिलं. शाळा सुटल्यावर मी तिथं खिळे लावायला बसायचो. ‘फाउंड्री’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो लोखंडाच्या ओतकामाचा नव्हे, टाइप फाउंड्रीचा, जिथं शिशाचे खिळे ओततात. आज आमच्या शेडमागं खऱ्या फाउंड्रीची भट्टी धगधगते, तरी शब्द कानावर पडला की मला शिशाचा वास येतो.

लाकडी केसमध्ये खण असायचे. कंपोझिटर खिळ्याकडं बघत नसे, हात खणाकडं जायचा. एकदा मी धुतलेले खिळे परत टाकताना दोन खणांची अदलाबदल केली. दुसऱ्या दिवशी तात्यांनी न बघता जुळवलेल्या पत्रिकेत नवरीच्या जागी भलतंच काही छापून आलं. मार बसला. तात्या म्हणाले होते, खिळा गेला तर ओतून मिळंल, खण चुकला तर गाव हसंल.

कॉम्प्युटरचा सगळा कारभार याच दोन वस्तूंवर चालतो. आकडा म्हणजे खण आणि फॉण्ट म्हणजे खिळे. अमेरिकेत १९६३ साली अ‍ॅस्की नावाची केस ठरली, तिच्यात १२८ खण. त्यातले ३३ छपाईचे नव्हेतच. ओळ संपली, घंटा वाजव, कागद पुढं घे असले हुकूम. उरलेल्या ९५ मध्ये इंग्रजी अक्षरं, अंक, विराम आणि एक मोकळी जागा. ± ला खण नाही, ° ला नाही, ‘क’ ला तर नाहीच. पुढं केस दुप्पट झाली, २५६ खणांची. पण वरच्या १२८ खणांत काय ठेवायचं हे प्रत्येकानं आपापल्या सोयीनं ठरवलं. युरोपनं टोपीवाले आणि टिंबवाले स्वर ठेवले, रशियानं आपली लिपी ठेवली. आणि आम्ही?

आम्ही काय केलं ते मला चांगलं माहीत आहे, कारण मीच ते आठ वर्षं केलं. छापखाना बंद पडल्यावर १९९८ पासून डीटीपी करत होतो. तेव्हाचे मराठी फॉण्ट म्हणजे इंग्रजी केसमध्ये गुपचूप मराठी खिळे टाकून ठेवलेले. कॉम्प्युटर समजायचा की हा इंग्रजी अक्षर लिहितोय, पडद्यावर उमटायचा काना. ± च्या खणात एखादं जोडाक्षराचं अर्धुक, ° च्या खणात कसली तरी शेपटी. प्रत्येक कंपनीची वाटणी वेगळी. एका फॉण्टात लिहिलेली पत्रिका दुसऱ्या फॉण्टात उघडली की रामाचा भरत व्हायचा तोही नाही, रामाचा भुसा व्हायचा.

चांगला रस्ता नव्हता असं नाही. तोही आपल्याच देशात तयार झाला होता. भारतीय लिप्यांसाठी एकच केस मांडली गेली होती. इस्की तिचं नाव, आणि १९९१ साली ती भारतीय मानक १३१९४ झाली. युनिकोडनं आपल्या लिप्यांची मांडणी त्याच इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतली. म्हणजे जगाच्या केसमध्ये देवनागरीचा खण कुठं, हे मुळात आपल्याच माणसांनी ठरवलेलं. आणि आम्ही डीटीपीवाले मात्र २००६-०७ पर्यंत चोरखणांत खिळे टाकत राहिलो, कारण दुकानातला प्रिंटर त्यानं चालायचा आणि गिऱ्हाईक दारात उभं असायचं.

शनिवार, १२ जुलै

मामांच्या मशीनवर नवीन जॉबचं ड्रॉइंग आलं. मामांनी हाक मारली. "ह्यो एन पंचवीस काय भानगड हाय? थ्रेड हाय काय?"

थ्रेड नव्हता, व्यासच होता. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरसोबत चिन्हांचा एक खास फॉण्ट येतो. त्यात छोटा एन दाबला की व्यासाचं चिन्ह उमटतं. ज्याच्याकडं तो फॉण्ट आहे त्याला ⌀ दिसतं, ज्याच्याकडं नाही त्याला नुसता एन. पाठवणाऱ्यानं फाइल पाठवली, फॉण्ट पाठवला नाही. तात्यांच्या भाषेत, केस पाठवली आणि खिळे घरी ठेवले. आमच्या मराठी चोरखणांसारखीच ही लबाडी, फक्त ती साहेबी लोकांनी केली म्हणून तिला सोय म्हणायचं.

त्यापेक्षा त्याच सॉफ्टवेअरची जुनी पद्धत मला प्रामाणिक वाटते. दोनदा % आणि पुढं सी लिहिलं की व्यास, डी लिहिलं की अंश, पी लिहिलं की प्लस-मायनस. काय हवं ते सरळ नाव घेऊन मागायचं.

मामा त्या चिन्हाला ‘फाय’ म्हणतात. ‘डाया’ म्हणणारी आम्ही मधली पिढी. मामांना सांगितलं की हे ग्रीक फाय नव्हेच. फायची उभी रेघ वेगळी, तिचा खण वेगळा. नॉर्वे-डेन्मार्कवाल्यांचा तिरपी रेघ मारलेला ओ आहे, तो आणखी वेगळा, त्याचा खण २१६. ऑफिसात सगळे आल्ट दाबून ०२१६ मारतात आणि नॉर्वेचा ओ व्यास म्हणून खपवतात, मीसुद्धा. दिसायला भाऊ-भाऊ, पण रेशनकार्ड वेगळं. मामा म्हणाले, "बोअर बसला की झालं." त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. व्हर्नियरला खण नसतो.

पण मशीनला असतो. सीएनसीचा कंट्रोल त्या जुन्या, १२८ खणांच्या जगात राहतो. पूर्वी प्रोग्राम कागदी पट्टीवर छिद्रं पाडून भरत. आयएसओ पद्धतीत सात छिद्रं अक्षराची आणि आठवं तपासनीस. ओळीतली एकूण छिद्रं सम झालीच पाहिजेत, विषम आली की कुठं तरी पट्टी फाटली. पट्टी गेली, पण सात बिट आणि सम पॅरिटीची सेटिंग आमच्या एका जुन्या मशीनच्या केबलवर अजून आहे. प्रोग्रामच्या सुरुवातीचा आणि शेवटचा % हाही त्या पट्टीचाच वारस. इथं पट्टी सुरू, इथं संपली.

मागं एका नव्या पोरानं प्रोग्रामचा तुकडा वर्डमध्ये टंकून, तिथून उचलून मशीनला पाठवला. वर्डनं शहाणपणा करून उणेचं चिन्ह लांब केलं, छापखान्यात ज्याला आम्ही डॅश म्हणायचो तसं. दिसायला सुबक. मशीनच्या १२८ खणांत ते नव्हतंच. अलार्म आला आणि शिफ्टचा अर्धा तास गेला. स्क्रीनवर पोराला ‘उणे’ स्वच्छ दिसत होतं, म्हणून तो ऑफसेट तपासत बसला. डोळ्यांवर भरवसा ठेवणाऱ्याचं नुकसान असं होतं.

मंगळवार, १५ जुलै

पर्चेसमधल्या मॅडम २०११ च्या फायली शोधत होत्या. एका कास्टिंगच्या जुन्या दरपत्रकात प्रत्येक रकमेपुढं एक उलटा टिंबासारखा टिचका, कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात वर असतो तो. त्यांनी विचारलं, हे काय?

आजची तारीख बघून मला गंमत वाटली. १५ जुलै २०१०, याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळानं ₹ या चिन्हाला मान्यता दिली. रचना डी. उदयकुमार यांची. देवनागरी र आणि रोमन आर यांची सांगड, वर शिरोरेषा. आज पंधरा वर्षं झाली. चिन्ह ठरलं पण त्याला खण नव्हता. लोकांना दम कुठला! काही दिवसांतच असा फॉण्ट फिरायला लागला ज्यात त्या टिचक्याच्या खणात ₹ चा खिळा टाकलेला होता. फॉण्ट असेपर्यंत ₹, फॉण्ट गेला की टिचका. युनिकोडनं ऑक्टोबर २०१० मध्ये, सहाव्या आवृत्तीत, ८३७७ हा खण दिला. सरकारी निर्णयापासून तीन महिन्यांत. आमच्या रस्त्याच्या दिव्याला यापेक्षा जास्त वेळ लागला. पण तेवढ्या अवधीत आणि त्यानंतरही वर्षभर लोकांनी लिहिलेल्या टिचक्यांचे रुपये आता कधी होणार नाहीत. ते कुणी तरी हातानं दुरुस्त करायचे, म्हणजे मॅडमनी.

₹ चुकीच्या चष्म्यातून बघितला तर काय होतं तेही त्यांना दाखवलं. तुकडे २२६, १३०, १८५. टोपीवाला ए, खाली बसलेलं एक अवतरणचिन्ह आणि वर चढलेला छोटा १. म्हणजे ₹ ५०० च्या पाचशेआधी एक ‘१’ लागतो. बारीक असतो, पण घाईत वाचणाऱ्याला पंधराशे. मॅडम म्हणाल्या, सप्लायर घाईत वाचत नाहीत.

दुपारी टपरीवर कटवडा खाताना मला यूटीएफ-८ चा जन्म आठवला. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावर ताटाखाली घालतात त्या कागदावर ही पद्धत मांडली. खुबी अशी की इंग्रजीचे जुने १२८ खण जसेच्या तसे राहतात, त्यांना एकच तुकडा. पुढच्यांना दोन, तीन, चार. पहिला तुकडाच सांगतो की माझ्यामागं किती जण येतायत. बारातीत पुढं चालणारा जसा जेवणावळीला मागची संख्या सांगतो तसा. देवनागरीच्या दर अक्षराला तीन तुकडे लागतात. ‘क’ चा खण २३२५, फाइलमध्ये २२४, १६४, १४९. म्हणून चुकीच्या चष्म्यातून मराठी मजकूर बघितला की तिरक्या टिंबाचा ए ठरावीक अंतरानं रांगेत दिसतो. आता मला ती रांग दिसली की बरं वाटतं. आत मराठी शाबूत आहे याची ती खूण.

गुरुवार, १७ जुलै

आजचा दिवस कॅन्टीनच्या बोर्डाचा. ऑडिट आहे म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला लावायला सूचना मी लिहून दिली होती. आचाऱ्यांसाठी सूचना, टोपी व हातमोजे घातल्याशिवाय आत जाऊ नये. फ्लेक्स छापून आला. चार फूट बाय दोन, लाल मथळा, ‘आचार्यांसाठी सूचना’.

मामा बोर्डापुढं हात जोडून उभे. "आचार्य आल्यात व्हय आपल्या कॅन्टीनला? मग आमटीत खडं का लागत्यात?" आचारी बिचारा म्हणाला, मला काय कळतंय, माझं नाव मोठं केलंय असं वाटलं. दिवसभर त्याला सगळे वाकून नमस्कार करत होते.

फ्लेक्सवाल्याला फोन केला. तो म्हणे, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तसंच टाकलं. तसंच नाही टाकलं. मी पाठवलं ते युनिकोडमध्ये. त्याच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला भारी मथळ्यांसाठी जुनेच फॉण्ट लागतात, चोरखणांचे. मधे कन्व्हर्टर. त्या कन्व्हर्टरचं काम सोपं नाही, हे मी कबूल करतो. उदाहरणार्थ वेलांटी. ‘कि’ लिहिताना युनिकोड आधी क ठेवतो, मग वेलांटी, कारण उच्चार त्या क्रमानं. पडद्यावर मात्र ती क च्या आधी काढायची असते. हे काम फॉण्ट आणि त्याला चालवणारं इंजिन मिळून करतात. जुन्या फॉण्टात वेलांटी आधी टंकावी लागते, खिळा तिथंच बसतो म्हणून. क्ष, ज्ञ यांना युनिकोडमध्ये खणच नाही. क, पाय मोडायची खूण आणि ष, असं मिळून क्ष होतो. कन्व्हर्टरनं हे सगळं उलटं फिरवायचं.

आणि त्यात आपला ऱ्य. दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. एकात रफार डोक्यावर चढतो, दुसऱ्यात र पापणीसारखा पुढच्या अक्षराला चिकटतो. शब्द बदलतो, अर्थ बदलतो. हिंदीला या पापणीची गरज नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या पुष्कळ फॉण्टांत आणि कन्व्हर्टरांत ती नसते, किंवा असून आंधळी असते. र, पाय मोडायची खूण, य, असे खण ओळीनं ठेवले की रफारच येणार. मग पापणी कशी आणायची? दोन रस्ते. एक, २३५२ चा साधा र न घेता शेजारच्या २३५३ चा, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा. दुसरा, साधा र घेऊन, पाय मोडून, पुढं ८२०५ ही न दिसणारी, जागा न घेणारी सांधणी टाकायची. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे. शोधायला गेलं की एकमेकांना ओळखत नाहीत.

तो टिंबवाला ऱ तिथं आला कुठून? मराठीसाठी नव्हे. दक्षिणेच्या भाषांतला एक ‘र’ देवनागरीत लिहायची सोय म्हणून तो ठेवलेला. इस्कीनं सगळ्या भारतीय लिप्यांना एकाच साच्यात बसवलं होतं, युनिकोडनं तोच क्रम राखून प्रत्येक लिपीला वेगळी केस दिली. म्हणून देवनागरी अक्षराच्या आकड्यात ८९६ मिळवले की कन्नडचं तेच अक्षर येतं. क २३२५, कन्नड क ३२२१. म चा म, ळ चा ळ. आणि ऱ मध्ये ८९६ मिळवले की हळेगन्नडातला तो ऱ येतो, जो आज कन्नडमध्ये कुणी वापरत नाही. इथून कोगनोळीचा नाका किती अंतरावर आहे! तिकडं रिकामा पडलेला खण इकडं आम्ही रोज वापरतोय, दुसऱ्या, बिचाऱ्या, नवऱ्याच्या आणि कुऱ्हाडीच्या पोटात. सीमेबद्दल भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना हे कुणी सांगितलं नसावं.

फ्लेक्सवाल्याला मी ते आकडे सांगितले नाहीत. एवढंच म्हटलं, र्य नको, ऱ्य पाहिजे, पापणीवाला. तो लगेच म्हणाला, "ते दुसऱ्यातला व्हय? मग आधी सांगायचं की ओ."

शनिवार, १९ जुलै

हीट ट्रीटमेंटच्या सर्टिफिकेटची थप्पी आली. बाहेरच्या भट्टीवाल्याचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. ८५० अंश सेल्सिअसच्या जागी ८५० आणि पुढं राखाडी ठिपक्यांचा ठोकळा, ░. पर्सनल कॉम्प्युटरच्या पहिल्या दिवसांतल्या यादीत १७६ व्या खणात हा ठोकळा होता आणि अंशाचं टिंब २४८ वर. कॉम्प्युटर विंडोजच्या यादीनं १७६ पाठवतो, प्रिंटर अजून डॉसच्या यादीनं वाचतो. ± असतं तर थोडा गडद ठोकळा आला असता, ▒.

ऑडिटच्या तयारीत पोरांना आजार ओळखायला शिकवला. पहिला, रिकामा चौकोन □. आकडा पोचलाय, फॉण्टात खिळा नाही. फॉण्ट बदला, माणूस जिवंत आहे. गूगलनं नोटो नावाचे फॉण्ट केले ते हे चौकोन, ज्यांना तिकडं टोफू म्हणतात, संपवण्यासाठीच. नो टोफू म्हणून नोटो. दुसरा, काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह �. वाचणाऱ्याला तुकडे जुळले नाहीत. मूळ फाइल अजून कुणाकडं तरी असेल, ती मागा आणि दुसऱ्या चष्म्यानं उघडा. हा दिसत असताना ‘सेव्ह’ दाबायचं नाही. तिसरा, साधं ? चिन्ह. कुठल्या तरी प्रोग्रामनं तुमचं अक्षर फेकून तिथं स्वतःच्या हातानं प्रश्नचिन्ह लिहिलंय. त्या फाइलपुरतं अक्षर मेलं. टोपीवाल्या एंची रांग मात्र आजारच नव्हे, तो चष्मा.

एका पोरानं विचारलं, फिल्टरमध्ये µ दोनदा का येतोय? खरंच येत होता. सरफेस फिनिशच्या रकान्यात अर्ध्या ओळी एका µ खाली, अर्ध्या दुसऱ्या. एक १८१ वरचं मायक्रोचं चिन्ह, दुसरं ९५६ वरचं ग्रीक अक्षर. एक आल्ट दाबून आलेलं, दुसरं चिन्हांच्या खिडकीतून. सहा महिन्यांची सरासरी आम्ही अर्ध्याच ओळींची काढत होतो. मामांच्या उमेदीत ड्रॉइंगवर तीन त्रिकोण काढले की चकचकीत फिनिश, दोन काढले की त्याहून कमी, एवढ्यात भागायचं. मामांनी हे ऐकून फक्त मान हलवली.

रविवार, २० जुलै

सुट्टी. दूधगंगेचं पाणी बघायला माणसं चालली होती, मी कपाटातल्या जुन्या सीडी काढून बसलो. २००१ साली गावच्या वाचनालयाची स्मरणिका मी केली होती. एकशे बारा पानं, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, त्यातली दोन-तीन माणसं आता उरलीत. छापील प्रत वाळवीनं खाल्ली. सीडी चालली याचंच नवल. फाइल उघडली, सगळा भुसा. फॉण्ट ज्या कंपनीचा होता तो नव्या विंडोजवर बसेना, बसला तेव्हा कुलूप मागू लागला.

थोरलीनं, ती इंजिनिअरिंगला आहे, बसून एक तक्ता केला. कुठल्या इंग्रजी खणात कुठला मराठी खिळा होता. मला विचारत गेली आणि माझी बोटं सांगत गेली, डोक्याला आठवत नव्हतं. तात्यांचा हात जसा खणाकडं जायचा तसं. तिनं प्रोग्राम फिरवला. वेलांट्या मागच्या पुढं केल्या. दुपारी तीनला पहिलं पान वाचता आलं. ‘ॲ’ सगळे फुटले होते. ती म्हणाली, बाबा, ॲ ला स्वतःचा खण २००८ मध्ये मिळाला, तुमच्या वेळी तो नव्हताच. मग त्याच्याआधी ‘ॲडव्होकेट’ कसं लिहायचा? अ वर चंद्र चढवून, म्हटलं. तेही आहेत म्हणाली, दोन्ही मिसळलेत.

मग तिनं सरळ विचारलं, तुम्ही तेव्हाच नीट का नाही लिहिलं? गिऱ्हाईक उभं होतं, हे उत्तर तिला पटलं नाही. मलाही आज म्हणताना पटलं नाही.

चौऱ्याऐंशी पानं झाली. अठ्ठावीस राहिली.

मंगळवार, २२ जुलै

ऑडिट झालं. ऑडिटरनं हीट ट्रीटमेंटच्या सर्टिफिकेटवर बोट ठेवून विचारलं, हा ठोकळा काय? भट्टीवाल्याला कालच सांगून ठेवलं होतं. नव्या सर्टिफिकेटवर त्यानं ‘डिग्री’ असं अक्षरांत छापलंय. ऑडिटरला पटलं.

संध्याकाळी कागलात उतरून नवा फ्लेक्स घेतला. ‘आचाऱ्यांसाठी सूचना’. पापणी ठळक, जरा जास्तच ठळक. आचाऱ्यानं जुनाही बोर्ड मागून घेतला, घरी लावतो म्हणाला.

दुकानदारानं छोट्या मशीनवर बिल काढून दिलं. रकमेआधी ₹ च्या जागी चौकोन होता. रक्कम बरोबर होती, पैसे दिले आणि वडाप धरलं.